हेडलाइटचा फॉल्ट कसा शोधायचा: मीटरवर १२ व्होल्ट दिसतात, तरी उजेड का पडत नाही?

हेडलाइट गेली की आधी बल्ब बदलतात, मग फ्यूज, मग रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि शेवटी कुणीतरी बॅटरीवरून थेट वायर ओढून देतं. चार दिवस लाइट झकास लागते. मग ऐन खंबाटकी घाटात, नाहीतर पसरणी घाटाच्या वळणावर, पुन्हा अंधार. यात पैसे जातात ते क्रम चुकल्यामुळे.

दुसरी चूक मीटरची. बल्ब काढायचा, रिकाम्या होल्डरमध्ये मीटरच्या पिना घालायच्या, १२ व्होल्ट दिसले की 'करंट येतोय, बल्बच खराब' असा निकाल द्यायचा. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे आतून तुटून एकाच तारेवर लटकलेली वायरही मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. ५५ वॅटच्या बल्बला साडेचार अँपिअरच्या वर लागतात, ते त्या एका तारेतून जात नाहीत. म्हणून खालची मापं, जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे, बल्ब जोडलेला आणि लाइट चालू अशा अवस्थेत घ्यायची आहेत. एवढी एक सवय लागली तरी निम्मे फॉल्ट सापडतात.

इथला क्रम १२ व्होल्टच्या, एच-४ हॅलोजन बल्बच्या (एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट, म्हणजे पेटणाऱ्या तारा) गाड्यांसाठी आहे: कार, जीप, पिकअप, ट्रॅक्टर. २४ व्होल्टच्या ट्रकला क्रम तोच, व्होल्टेजचे आकडे दुप्पट. दुचाकी आणि एलईडीचं शेवटी वेगळं दिलं आहे.

## आधीची तयारी

- डिजिटल मल्टिमीटर, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर
- टेस्ट लॅम्प: इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन-दोन मीटर वायर आणि टोकांना चिमटे
- बारीक टाचण्या, कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) मागून वायरच्या कडेने आत सरकवायला
- योग्य अँपिअरचे जादा फ्यूज, चालू स्थितीतला एक बल्ब
- पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, क्रिंपिंगची (जोड दाबून बसवायची) पक्कड, वायरच्या टोकाला बसवायची थिंबल, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह

टेस्ट लॅम्प घरी बनवाच. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे वायरला थोडं काम लावून बघतो. मीटरला फसवणारी वायर याच्यासमोर उघडी पडते. विजेच्या कामाचा स्क्रू-ड्रायव्हरवाला टेस्टर इथे काहीच कामाचा नाही. तो घरच्या २३० व्होल्टसाठी असतो.

सावध: वायर कापायची किंवा जोडायची असेल तेव्हा बॅटरीचा मायनस आधी सोडा आणि सगळ्यात शेवटी जोडा. प्लस आधी सोडताना पाना बॉडीला टेकला तर तिथेच शॉर्ट. मापं घेताना मात्र बॅटरी जोडलेलीच हवी.

## टप्पा १: लक्षण नीट लिहून घ्या

'लाइट लागत नाही' एवढ्यावर काहीही शोधता येत नाही. कुठली बाजू, अप्पर (लांबचा बीम) की डिपर (जवळचा बीम), कायम की अधूनमधून, पावसात की खड्ड्यात, हे आधी कागदावर घ्या. पुढची निम्मी वाट इथेच ठरते.

एका बाजूचा एकच बीम नाही: बल्बची फिलामेंट किंवा त्या बाजूची वायर. अप्पर लागतोय, फक्त डिपर नाही, तर अर्थिंगवर (बॉडीमार्फत बॅटरीच्या मायनसकडे परतीच्या वाटेवर) संशय घेऊ नका. दोन्हींची अर्थ एकच असते.

दोन्ही बाजूंचा डिपर नाही, अप्पर आहे: स्विच, डिपरचा रिले किंवा फ्यूज. पण आणखी एक शक्यता लोक विसरतात. एका बाजूचा डिपर महिन्याभरापूर्वीच गेलेला असतो, ते लक्षातच आलेलं नसतं. दुसरा गेला की 'दोन्ही एकदम गेले' असं वाटतं.

एक दिवा मंद, आणि डिपर लावला की त्याच दिव्यात दोन्ही फिलामेंट लालसर दिसतात: अर्थ तुटलेली. डिपरचा करंट परतीची वाट शोधत अप्परच्या फिलामेंटमधून उलटा जातो आणि पलीकडच्या दिव्यामार्फत बॉडीला पोचतो. डॅशबोर्डवरचा निळा अप्परचा दिवा त्याच वेळी मिणमिणत असेल तर शंकाच नको.

दोन्ही मंद: बॅटरी-चार्जिंग किंवा दोन्ही दिव्यांच्या सामाईक वायरमधली व्होल्टेजची गळती (बल्बपर्यंत न पोचता वाटेतच वाया जाणारं व्होल्टेज).

दहा-पंधरा मिनिटांनी जाते, थंड झाल्यावर येते: तापणारा संपर्क. स्विच, रिले किंवा फ्यूजची खाच.

पंधरवड्याला बल्ब उडतो: चार्जिंगचं व्होल्टेज जास्त, दिवा हलतोय, किंवा बल्ब बसवताना काचेला बोट लागतंय.

## टप्पा २: बॅटरी आणि चार्जिंग

गाडी रात्रभर बंद होती असं धरून बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर मोजा, क्लॅम्पवर नाही. १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. इंजिन चालू करून, लाइट लावून, थोडा रेस दिल्यावर १३.८ ते १४.४.

१३ च्या वर जातच नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा. हेडलाइटची वायरिंग उघडू नका. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि तो दुरुस्त होईपर्यंत नवा बल्ब घालणं म्हणजे पैसे जाळणं आहे. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज ५ टक्के जादा झालं तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, आणि १० टक्के कमी झालं तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

मग एक पिन खांबावर आणि दुसरी त्याच खांबाच्या क्लॅम्पवर ठेवा. लाइट चालू असताना इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. ०.२ दिसले तरी क्लॅम्प काढून घासायचा. पांढरी-हिरवी पावडर साचलेली दिसली तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, कोरडं करा, घट्ट बसवा, वर पेट्रोलियम जेली लावा. जेली नेहमी घट्ट केल्यानंतर.

## टप्पा ३: बल्ब

बल्ब काढून उजेडात धरा. फिलामेंट तुटलेली, काच आतून काळी किंवा दुधाळ, तर निकाल झाला. नुसती नजर पुरत नसेल तर दुसऱ्या बाजूचा चालू बल्ब इकडे आणि इकडचा तिकडे लावून बघा. फॉल्ट बल्बाबरोबर तिकडे गेला तर बल्ब, नाही गेला तर वायरिंग.

ओहममध्ये मोजणारे इथे फसतात. ५५ वॅटची फिलामेंट पेटलेली असताना २.६ ओहमची असते, पण थंड असताना मीटर अर्धा ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो. तो शॉर्ट नसतो. थंड टंगस्टनचा विरोध कमीच असतो.

काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तिथे जळतं, तेवढाच ठिपका जास्त तापतो आणि काच फुगते. लागलंच तर स्पिरिटने पुसून मगच पेटवा.

सावध: 'उजेड कमी पडतो' म्हणून १००/९० वॅटचा बल्ब घालू नका. ६०/५५ च्या दोन बल्बांचा डिपर सव्वानऊ अँपिअर घेतो. ९० चे दोन पंधरा घेतात, आणि अप्पर जवळपास सतरा. कंपनीची वायर, होल्डर, स्विच त्यासाठी बनलेले नसतात. मंद उजेडाचं कारण गळती असेल तर जादा करंटने ती गळती वाढतेच. उजेड फारसा वाढत नाही, होल्डर मात्र वितळतो.

## टप्पा ४: फ्यूज आणि रिले

फ्यूज नुसता बघून 'चांगला आहे' म्हणू नका. पातीतली केसाएवढी चीर दिसत नाही. पट्टीच्या फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात. लाइट चालू ठेवून दोन्हींवर मोजा. दोन्हीकडे सारखंच व्होल्टेज हवं. एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, तर फ्यूज गेलाय.

रंग लक्षात ठेवा: १० लाल, १५ निळा, २० पिवळा. जाईल त्याच रंगाचा घाला. लालच्या जागी पिवळा घालून 'आता जात नाही' म्हणणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, याचा अर्थ आता फ्यूजऐवजी वायर जळणार.

फ्यूज उपसल्यावर खाच बघा. पाती निळसर-तपकिरी आणि आजूबाजूचं प्लास्टिक पिवळं पडलंय? मग खाचेची पकड सैल झाली आहे. नवा फ्यूजही तिथे तापेल.

रिलेचा 'टक' आवाज आला म्हणजे रिले चांगला, असं धरू नका. आवाज कॉइलचा असतो. करंट संपर्कातून जातो आणि संपर्क जळलेले असू शकतात. ८५ आणि ८६ या पिना कॉइलच्या, त्यांच्यामध्ये साधारण ६० ते १०० ओहम. ३० वर बॅटरीचा प्लस, ८७ वरून दिव्याकडे. लाइट चालू असताना ३० आणि ८७ यांच्यामध्ये ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर रिले बदला. हॉर्नचा रिले घालून बघायचा असेल तर कव्हरवरची आकृती आणि पिनांचे क्रमांक जुळतात का ते आधी पाहा. दिसायला सारखे असून पिना उलटसुलट असलेले रिले असतात.

## टप्पा ५: गळती मोजा

इथे घाई करू नका. मंद लाइटचा बहुतेक निकाल याच टप्प्यात लागतो.

आधी एक खात्री. काही गाड्यांत स्विच प्लसऐवजी अर्थच्या बाजूला असतो. दोन्ही दिव्यांचे बल्ब काढा, डिपर लावा, टेस्ट लॅम्पचा एक चिमटा बॅटरीच्या मायनसला लावा आणि दुसऱ्याने होल्डरच्या तिन्ही खाचा तपासा. मग अप्पर लावून पुन्हा तपासा. डिपरला एक आणि अप्परला दुसऱ्या खाचेत लॅम्प पेटला, तर साधी पद्धत. दोन्ही वेळा एकाच खाचेत पेटला, तर ती सामाईक प्लसची खाच आहे आणि गाडी अर्थच्या बाजूने चालू-बंद होते. अशा गाडीत खालच्या मापांत 'अर्थ' म्हणजे स्विचमधून परतणारी वायर समजा. हे न पाहता वायर बदलणारे दिवसच्या दिवस घालवतात.

आता दोन्ही बल्ब परत लावा, इंजिन चालू, डिपर चालू. कपलरच्या मागून टाचण्या सरकवा.

1. प्लसची बाजू. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या डिपरच्या पिनेवर. जो आकडा दिसेल तीच वाटेतली गळती. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. एकाच्या वर असेल तर उजेड डोळ्यांना कमी दिसतोच.

2. अर्थची बाजू. एक पिन बल्बच्या अर्थच्या पिनेवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. ०.२ पेक्षा जास्त नको.

3. वाट टप्प्याटप्प्याने तपासत जा. प्लसकडे दीड व्होल्ट गळतात असं धरू. पहिली पिन बॅटरीवरच ठेवा, दुसरी क्रमाने पुढे न्या: फ्यूजच्या आधी, फ्यूजनंतर, रिलेची ३०, रिलेची ८७, कपलरच्या आधी, कपलरनंतर. ०.१, ०.१, ०.२, ०.२, ०.३ आणि एकदम १.५. उडी जिथे पडली तिथेच दोष. या उदाहरणात तो कपलर.

तपासा: दोन्ही बाजूंची गळती नगण्य, बल्बवर १३ च्या वर व्होल्ट, आणि तरी उजेड मरतुकडा? मग वायरिंगला हात लावू नका. काच पिवळी पडलीय, किंवा दिव्यामागचं रबरी टोपण हरवल्यामुळे पाणी-धूळ आत जाऊन रिफ्लेक्टर काळवंडलाय. जत-आटपाडीकडे धुळीने, पाटण-महाबळेश्वरकडे पावसाने, परिणाम सारखाच.

## टप्पा ६: फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर

चौथा फ्यूज वाया घालवण्याआधी हे करा. त्या फ्यूजवर चालणारे सगळे बल्ब काढा. फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्पचे दोन चिमटे लावा. लाइट चालू करा.

लॅम्प पूर्ण पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. आता एकेक कपलर सोडत जा, वायरिंगचा जुडगा हलवत जा. ज्या क्षणी लॅम्प विझेल तिथे शॉर्ट. लॅम्प करंटला आळा घालतो, त्यामुळे काही जळत नाही आणि निवांत शोधता येतं. दिव्याचे बल्ब काढले नाहीत तर मात्र त्यांच्या थंड फिलामेंटमधूनही लॅम्प पेटतो आणि तुम्ही नसलेला शॉर्ट शोधत बसता.

कुठे बघायचं: रेडिएटरच्या चौकटीच्या धारेवर, बॉनेटच्या बिजागरीपाशी, अपघातानंतर ठोकून सरळ केलेल्या पत्र्याच्या मागे. उसाच्या फडाकडेला किंवा गोठ्यात गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. ट्रॅक्टरला गळीत हंगामात ट्रॉली जोडलेली असेल तर आधी ट्रॉलीचा प्लग काढून बघा. फ्यूज टिकला तर दोष ट्रॉलीच्या वायरीत आहे.

## टप्पा ७: दुरुस्ती

होल्डर. खराब होल्डर ओळखायला मीटर लागत नाही. तीन खाचांपैकी एकीभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं असतं, आतली पितळी पकड निळसर झालेली असते, आणि बल्बची पाती तिच्यात सैल सरकते. पकडीतला ताण एकदा गेला की पक्कडीने दाबून परत येत नाही. होल्डर बदला, शक्यतो सिरॅमिकचा घ्या. जुनी वायर मागे कापत जा. आवरणाखाली तांबं काळं दिसतंय तोवर कापायचं, लाल चकचकीत तांबं लागलं की थांबायचं. काळ्या तारांवर नवा होल्डर जोडला तर तोही महिन्याभरात तपकिरी होतो.

जोड. पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पहिल्या पावसाळ्यापर्यंतच. क्रिंप करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह. नुसतं सोल्डर केलं तर ते वायरीत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्याने सोल्डर संपतं तिथेच वायर तुटते. ट्रॅक्टरवर हे हमखास होतं. शेजारशेजारच्या वायरींचे जोड एकाच जागी घेऊ नका, दोन-तीन इंच मागेपुढे ठेवा.

अर्थ. रंगावर बसवलेला बोल्ट म्हणजे अर्थ नव्हे. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, थिंबल घट्ट करा, मग वरून जेली. ट्रॅक्टरचा दिवा मडगार्डच्या बोल्टमधूनच अर्थ घेत असेल तर सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी वायर न्या.

पुरातली गाडी. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यात राहिलेल्या गाड्यांचे फॉल्ट वर्षांनंतरही निघतात. कारण पाणी कपलरपुरतं थांबत नाही. वायरच्या बारीक तारांमधून ते आवरणाच्या आत ओढलं जातं आणि वीतभर आतपर्यंत तांबं हिरवं करतं. अशा गाडीत कपलर धुऊन भागत नाही; वायर मागे कापून बघावी लागते. सेकंडहँड घेताना हेडलाइटच्या कपलरमध्ये हिरवी बुरशी दिसली तर मालकाला पुराबद्दल विचारा.

रिले किट. जुन्या गाड्यांत पूर्ण करंट स्विचमधून जातो, तिथे रिले बसवल्याने खरंच फरक पडतो. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, मग ३०. ८७ पासून प्रत्येक दिव्याला १.५ ची वायर. मूळ डिपरची वायर ८६ ला, ८५ अर्थला. (अर्थच्या बाजूला स्विच असलेल्या गाडीत ८६ ला फ्यूजमधून प्लस द्यायचा आणि स्विचची वायर ८५ ला.) डिपर आणि अप्परला वेगवेगळे रिले आणि वेगवेगळे १५ अँपिअरचे फ्यूज, एकच सामाईक फ्यूज ठेवला तर तो जाईल तेव्हा घाटात दोन्ही बीम एकदम जातील. बाजारातल्या स्वस्त किटची वायर आवरणाने जाड आणि आतून बारीक असते. टोक सोलून तांबं बघूनच घ्या. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तीन मीटर वायरीत दोन डिपरचा करंट सोडला तर सुमारे ०.७ व्होल्ट तिथेच जातात. मग रिले बसवून काय मिळवलं?

## दुचाकी आणि एलईडी

जुन्या दुचाकींची हेडलाइट बहुधा मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) एसीवर चालते, म्हणून मीटर एसीवर ठेवा. रेस दिल्यावर उजेड वाढणं हा त्यांच्यात दोष नाही. बल्ब सारखे उडत असतील तर रेग्युलेटर आणि त्याची अर्थ बघा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू असते, त्यात स्विच शोधू नका.

कंपनीची एलईडी किंवा कॉम्प्युटरवरून चालणारी लाइट असेल तर त्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका. त्याचा करंट मॉड्यूलला झेपेलच असं नाही. फ्यूज, अर्थ आणि कपलरमधलं पाणी एवढं तपासा, पुढचं स्कॅनर असलेल्या वायरमनकडे. झेनॉन दिवा असेल तर तेवढंही नको. तो पेटताना बॅलास्टमधून (दिव्याला व्होल्टेज पुरवणाऱ्या डबीतून) हजारो व्होल्ट निघतात.

## शेवटची तपासणी

इंजिन चालू ठेवून डिपर वीस मिनिटं जळू द्या. मग लाइट बंद करून फ्यूजची पाठ, रिले आणि कपलरला बोट लावा. कोमट चालेल, चटका नको. बल्बच्या अगदी मागचा होल्डर दिव्याच्या उष्णतेनेच तापतो, त्याला हात लावू नका. बॉनेट उघडं ठेवून बाटलीने कपलरवर पाणी ओता, पुन्हा लाइट लावा, वायरिंग हलवून बघा.

बल्ब किंवा दिवा काढला होता म्हणून सपाट जागेत, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर, चालकाच्या सीटवर माणूस बसलेला. भिंतीवर डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडायला हवी. वर जात असेल तर बल्बची चकती खाचेत पूर्ण बसलेली नाही. स्क्रू फिरवण्याआधी बल्ब काढून पुन्हा बसवा.